सोज्वळ खुनांचा मोह

इंग्लंडात निर्माण झालेल्या ज्या हेरकथांच्या मालिका दूरचित्रवाणीवरून, आणि अलीकडे आंतरजालाच्या द्वारे, आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या आवडीने पाहिल्या जातात, त्यांची स्तुती करावयाची झाली म्हणजे एक विशेषण हटकून पुढे येते. ते विशेषण 'सोज्वळ' हे होय. रक्तपात नाही, अर्वाच्य भाषा नाही, अंगविक्षेप नाहीत. आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे, जेवणाची ताटे हाती असली तरी चालावे, आणि शेवटी गुन्हेगार सापडला म्हणजे स्वस्थ चित्ताने निजावयास जावे, असा हा खुनाचा खेळ आहे, असे या स्तुतीचे तात्पर्य. प्रस्तुत लेखकास या मालिका मनापासून आवडतात, आणि म्हणूनच ही स्तुती त्याला सहन होत नाही. ज्या कथेत दर दीड-दोन तासांस एक ना एक मनुष्य ठार होतो तिला सोज्वळ म्हणावयाचे, तर 'सोज्वळ' या शब्दाचा तरी काही निराळा अर्थ केला पाहिजे, किंवा मनुष्याच्या जिवाची किंमत तरी निराळी धरली पाहिजे.

उलट पक्षही काही लहान नाही. नव्या अभिरुचीच्या मंडळींस डेन्मार्क-स्वीडनकडील काळोख्या, पावसाने भिजलेल्या आणि प्रेताचे विच्छेदन डोळ्यांसमोर मांडणाऱ्या मालिका म्हणजेच काय ते वास्तव वाटते. चर्चचा मनोरा, गुलाबाचे वाफे आणि चहाची किटली यांच्या सान्निध्यात घडलेला खून त्यांच्या लेखी खूनच नव्हे. ज्यांनी वसाहतवादावरील ग्रंथ नुकतेच वाचले आहेत असे माझे काही तरुण सहकारी याहून पुढे जातात. त्यांच्या मते या मालिका म्हणजे मावळलेल्या साम्राज्याने स्वतःच्या निद्रेसाठी घोटलेली गोळी होय. आणि ज्यांच्यावर ते साम्राज्य चालले त्यांच्याच नातवंडांनी ती पदरचे पैसे मोडून गिळावी, हा दैवदुर्विलास. स्तुतिपाठकांचे आणि निंदकांचे हे भांडण वरवर मोठे दिसते. परंतु एका मुद्द्यावर दोहोंचे पूर्ण एकमत आहे, आणि तो मुद्दा म्हणजे या मालिकांत गंभीर असे काही घडत नाही. माझा वाद आहे तो या एकमताशी.

हा वाद तसा जुनाच. हेरकथा वाचणे हे शब्दकोड्यांच्या आणि धूम्रपानाच्या पंक्तीला बसणारे एक क्षुद्र व्यसन होय, अशा आशयाचा शेरा अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन याने १९४५ साली मारला. पुढच्याच वर्षी जॉर्ज ऑर्वेल याने असे दाखविले की, इंग्रज मनुष्य रविवारच्या भोजनानंतर चवीने वाचतो ते खून एका स्थिर समाजातील होते. त्यांच्या पाठीशी अब्रूची भीती आणि तीव्र मनोविकार होते, आणि युद्धकाळातील निरर्थक हत्यांपुढे ते लोपत चालले होते. १९४८ साली ऑडेन या कवीने तर आपण या कथांचे व्यसनी आहोत हे उघड सांगून, वाचकाला त्यांत काय मिळते याचे धर्मशास्त्राच्या परिभाषेत उत्तर दिले: दोष आपल्याकडून निघून एकाच मनुष्यावर जातो, आणि उरलेले गाव पुन्हा निष्पाप होते. तिघांच्याही समोर पुस्तके होती. दूरचित्रवाणीवरील या मालिका त्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. तरी आजचे आमचे स्तुतिपाठक विल्सनच्या पलीकडे गेलेले नाहीत. विल्सन ज्याला क्षुद्र म्हणाला त्यालाच ते निरुपद्रवी म्हणतात, एवढाच काय तो फरक.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बी. बी. सी. ने १९८४ ते १९९२ या काळात अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलविषयक बाराही कादंबऱ्या पडद्यावर आणल्या, आणि त्या सर्वांत मार्पलची भूमिका जोन हिक्सन या नटीने केली. काम सुरू झाले तेव्हा ही बाई ७८ वर्षांची होती. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय' या कादंबरीवरील भाग या मालेत १९८५ साली आला. एका धनाढ्य कुटुंबात कर्त्या पुरुषास विषप्रयोग होतो, मग त्याची पत्नी मरते, आणि त्याच सुमारास घरातील ग्लॅडिस नावाची मोलकरीण गळा आवळून मारली जाते. मारणाराने तिच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावून ठेवलेला असतो. घरातील माणसांस धन्याच्या मृत्युपत्राची चिंता; पोलिसांस धन्याच्या मारेकऱ्याची. ग्लॅडिससाठी रडावयास या जगात कोणी नाही. ती अनाथाश्रमातील पोर. तिला भांडी घासावयास, पानाशी वाढावयास आणि दार उघडावयास ज्या वृद्धेने शिकविले, ती मात्र आपले गाव सोडून, आगगाडीत बसून तेथे येते. कोणी बोलाविलेले नसताना येते. तिचा प्रश्न मृत्युपत्राचा नव्हे. तिला तो चिमटा खुपतो. ठार मारणे एक, आणि मारल्यावर त्या भोळ्या, कुरूप, प्रेमाला आसावलेल्या मुलीची थट्टा करणे हे दुसरे. आणि हे दुसरे तिला क्षम्य वाटत नाही. कादंबरीच्या शेवटी मार्पल घरी परतते तो ग्लॅडिसचेच एक जुने, उशिरा पोहोचलेले पत्र तिची वाट पाहत असते, आणि ते वाचून तिच्या मनात प्रथम करुणा व मग संताप उसळतो.

या कथेत रक्ताचा थेंब दिसत नाही हे खरे. पण तिला सोज्वळ म्हणणाराने ती पाहिली काय? माझ्या मते या मालिकांचे सारे आकर्षण, निदान त्यांपैकी चांगल्यांचे, या एका गोष्टीत साठविलेले आहे: कोणाच्याही मरणाची चौकशी झाली पाहिजे, आणि ती त्या मनुष्याच्या योग्यतेवर अवलंबून असता कामा नये. वृत्तपत्रात आपण रोज सकाळी आकडे वाचतो. अमुक अपघातात इतके, तमुक दंगलीत तितके. त्यांतील एकाचेही नाव दुपारपर्यंत लक्षात राहत नाही. इकडे एक मोलकरीण मरते आणि तिच्यासाठी एक सबंध घर थांबविले जाते, प्रत्येकास विचारले जाते की तू तेव्हा कोठे होतास, तिला शेवटचे कोणी पाहिले, तिच्या पेटीत काय होते. मेलेल्या माणसाकडे इतके लक्ष पुरविणे ही चैन नव्हे. हे लक्ष पुरविताना आवाज चढवावा लागत नाही, कोणाची गचांडी धरावी लागत नाही. म्हणून ते आपणांस सौम्य वाटते. सौम्यता येथे आहे ती मनाची, विषयाची नव्हे.

२००२ ते २०१५ या काळात दाखविलेल्या 'फॉइल्स वॉर' या मालिकेने हाच प्रश्न अधिक कठीण करून विचारला. तिचा लेखक अँथनी हॉरोविट्झ. दुसरे महायुद्ध चालू आहे, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावावर विमाने घिरट्या घालीत आहेत, रोज शेकडो माणसे मरत आहेत; आणि अशा वेळी क्रिस्टोफर फॉइल नावाचा एक मितभाषी पोलीस-अधिकारी एकेका खुनाचा तपास करीत बसतो. त्याला पुनःपुन्हा सांगितले जाते की, बाबा रे, युद्धात एक माणूस कमी झाला तर काय मोठे बिघडले, आणि ज्याच्या मागे तू लागला आहेस त्याची देशाला गरज आहे. १९४० च्या सप्टेंबरात अमेरिकेने इंग्लंडला नाविक तळांच्या मोबदल्यात ५० जुन्या विनाशिका देण्याचा करार केला. त्या करारावर बेतलेल्या भागात खुनी सापडतो, पण तो अमेरिकन बडा असामी असल्याने फॉइलला त्यास सोडून द्यावे लागते. फॉइल त्याला इतकेच सांगतो की युद्ध कधी तरी संपेल, आणि तेव्हा मी येईन. प्रेक्षक त्या रात्री स्वस्थ चित्ताने निजावयास जात असेल तर त्याने ती गोष्ट नीट पाहिली नाही. या भूमिकेत मायकेल किचन हा नट इतके कमी बोलतो की आपल्याकडील नटांनी ते एकदा मुद्दाम बसून पाहावे. असो.

येथवर मी स्तुतिपाठकांच्या बाजूने बोलतो आहे असे कोणास वाटेल, तर ते तसे नाही. कारण या कुळातील सर्वांत लोकप्रिय मालिका 'मिडसमर मर्डर्स' हीच मला या कुळाची सर्वांत मोठी अपराधी वाटते. कॅरोलाइन ग्रॅहम या लेखिकेच्या कादंबऱ्यांच्या आधारे १९९७ साली ती सुरू झाली आणि आजवर तिचे सव्वाशेहून अधिक भाग झाले. तिच्यातील कॉस्टन हे गाव पुष्कळसे वॉलिंगफर्ड येथे चित्रित केलेले आहे. अगाथा ख्रिस्ती आयुष्याची अखेरची वर्षे ज्या गावात राहिली आणि १९७६ साली वारली, तेच हे गाव. पण बाईंचा वारसा गावाबरोबर मिळत नाही. मिडसमरमध्ये एका मनुष्यास हिरवळीवर खुंट्यांनी जखडून त्याच्यावर यंत्राने मद्याच्या बाटल्या फेकून ठार मारण्यात येते. दुसऱ्या एका भागात चीजच्या प्रचंड चाकाखाली चिरडून एक बाई मरते. या मृत्यूंची कल्पकता पाहून हसावयाचे असते, आणि आपण हसतोही. ग्लॅडिसच्या नाकाला चिमटा लावणारा जो मनुष्य मार्पलला अक्षम्य वाटला, त्याचीच वृत्ती येथे लेखकांनी उचलली आहे, असे मी म्हटले तर ते कोणास कठोर वाटेल. पण दोहोंतील भेद कोणी तरी मला दाखवून द्यावा. मेलेल्याची थट्टा ही सौम्यता नव्हे. तिला गुळगुळीतपणा म्हणावे.

त्याच गुळगुळीतपणाचे दुसरे अंग २०११ साली उघडकीस आले. मालिकेचा निर्माता ब्रायन ट्रू-मे याने एका मुलाखतीत असे सांगितले की, आमच्या गावांत अल्पसंख्य वर्णाची माणसे नाहीत, ती आणली तर हे चालणार नाही, आणि इंग्रजपणाचा हा शेवटचा किल्ला आहे. त्यास निलंबित करण्यात आले, पुढे त्याने ते काम सोडले, आणि तदनंतरच्या भागांत काळ्या-सावळ्या वर्णाचे नट दिसू लागले. माझ्या तरुण सहकाऱ्यांस हे उदाहरण फार प्रिय आहे. मलाही ते मान्य आहे. मात्र त्यावरून सर्व कुळावर फिर्याद चालविणे मला मान्य नाही. 'डेथ इन पॅराडाइज'वर ती अवश्य चालवावी. २०११ साली सुरू झालेल्या या मालिकेचे चित्रण ग्वाडलूप या कॅरिबियन बेटावर होते. २०२४ पर्यंत तीत लागोपाठ चार वेळा बाहेरून एक गोरा अधिकारी आला, आणि बेटावरील पोलिसांस जे स्वतःच्या गावात दिसत नव्हते ते त्याने त्यांस दाखवून दिले. परंतु 'ग्रँटचेस्टर' या मालिकेत, जी १९५३ सालात सुरू होते, २०२४ पासून गावचा पाद्री भारतीय वंशाचा आहे. ऋषी नायर हा नट ती भूमिका करतो, आणि त्या काळच्या इंग्लंडात अशा पाद्र्यास काय सोसावे लागले असते हे ती मालिका झाकून ठेवीत नाही. तेव्हा किल्ल्याची भिंत सगळीकडे सारखी जाड नाही.

या मालिकांवर घ्यावयाचा खरा आक्षेप वर्णाचा किंवा गुलाबांच्या वाफ्यांचा नसून कबुलीजबाबाचा आहे, आणि तो कोणीच घेत नाही याचे मला नवल वाटते. आठवून पाहा: शेवटी सर्व मंडळी दिवाणखान्यात जमतात, हर्क्युल पॉयरो आपल्या मिशांवरून बोट फिरवून बोलू लागतो, आणि ज्याच्याविरुद्ध न्यायालयात टिकेल असा पुरावा क्वचितच असतो तो मनुष्य एकाएकी उभा राहून सर्व सांगून टाकतो. कोणी हात लावलेला नाही, कोणी झोपमोड केलेली नाही. केवळ सत्य समोर मांडले की अपराधी आपण होऊन बोलतो! या एका क्षणाच्या आधारावर सारी इमारत उभी आहे, आणि आपणांस मिळणारे समाधान मुख्यतः या क्षणाचे आहे.

डेव्हिड सूशे याचा पॉयरो प्रथम पडद्यावर आला तो १९८९ च्या जानेवारीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, गिल्डफर्ड येथील बॉम्बस्फोटांबद्दल १९७५ साली जन्मठेप झालेली चार माणसे निरपराध ठरून सुटली. बर्मिंगहॅमच्या स्फोटांबद्दल शिक्षा झालेली सहा माणसे १९९१ च्या मार्चमध्ये सुटली. दोन्ही खटल्यांत पोलिसांनी घेतलेल्या कबुलीजबाबांचा मोठा आधार होता, आणि ते कबुलीजबाब कसे मिळविले गेले हे बाहेर यावयास १५-१६ वर्षे लागली. ऑक्सफर्डचा इन्स्पेक्टर मॉर्स याच काळात, १९८७ पासून २००० पर्यंत, ३३ भागांत घराघरांत लोकप्रिय झाला. आरोपीचा जबाब ध्वनिमुद्रित करण्याची शिस्त घालून देणारा कायदा १९८४ चा. तो १९८६ च्या आरंभी अंमलात आला, म्हणजे मॉर्सच्या अवघे एक वर्ष आधी. मॉर्ससमोरच्या टेबलावर ते ध्वनिमुद्रणयंत्र असते. ते तेथे का आले हे मात्र कोणी बोलत नाही.

आणखी मागे जाऊ. १९५० च्या मार्चमध्ये लंडनात टिमथी एव्हन्स नावाच्या वेल्श तरुणास स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी देण्यात आले. त्याने पोलिसांपुढे कबुली दिली होती. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष होती त्याच घरातील शेजारी जॉन ख्रिस्ती याची. आणि १९५३ साली त्या घरातून प्रेतांमागून प्रेते निघाली तेव्हा कळले की खुनी हा शेजारीच होता. एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली ती १९६६ साली. लेखिकेचे आणि या नराधमाचे आडनाव एक असणे हा निव्वळ योगायोग. पण ग्लॅडिसची कादंबरी त्याच १९५३ सालची, ग्रँटचेस्टरची कथा त्याच सालात सुरू होते, आणि 'फादर ब्राऊन' ही मालिकाही त्याच दशकात बसविलेली आहे, हे विसरता येत नाही. इंग्लंडात शेवटची फाशी १९६४ साली झाली. म्हणजे या गोड गावांतून ज्यांना बेड्या घालून नेले जाते त्यांच्यापुढे दोर लोंबत होता, आणि मालिका त्याच्या अलीकडे थांबते.

या बाबतीत आम्हां हिंदी लोकांजवळ एक कसोटी आहे, आणि गंमत अशी की ती इंग्रजांनीच दिलेली आहे. मद्रास इलाख्यात वसुलीसाठी व कबुलीसाठी चालणाऱ्या छळाचा अहवाल १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, आणि पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमात असे ठरविण्यात आले की पोलीस-अंमलदारापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यातही हे तत्त्व २३ व्या कलमात कायम आहे. इंग्रजांनी हा अविश्वास दाखविला तो आमच्या पोलिसांवर. स्वतःच्या देशात त्यांनी आपल्या पोलिसांपुढची कबुली, ती स्वेच्छेची मानली गेली म्हणजे, पुराव्यात घेतली. सभ्य गृहस्थाच्या देशात पोलीसही सभ्यच असणार हे गृहीत! त्या गृहीताची किंमत एव्हन्सने आणि त्या दहा जणांनी मोजली, आणि ते गृहीत सर्वांत सुंदर रूपात कोठे पाहावयास मिळत असेल तर ते या मालिकांत.

यावर कोणी म्हणेल की, आमच्याकडे काय निराळे आहे? काहीच नाही, उलट आहे. १९९८ पासून वर्षानुवर्षे चाललेल्या 'सी. आय. डी.' या मालिकेत संशयिताच्या कानशिलात बसली की सत्य बाहेर पडते, आणि आमची घरे ती चपराक पाहून टाळ्या पिटतात. ज्या देशात असा कायदा दीडशे वर्षे आहे तेथील प्रेक्षकाला चपराक हा पुरावा वाटावा, आणि जेथे तो कायदा नव्हता तेथे सौजन्याने सर्व काही बाहेर पडावे, असा हा उलटा न्याय आहे. या दोहोंतून निवडावयाचे तर मी अर्थातच दुसरे निवडतो; चपराकीने मिळालेल्या सत्यापेक्षा पॉयरोच्या दिवाणखान्यातील असत्य मला शतपटीने बरे वाटते. कारण सौजन्याने सत्य मिळू शकते ही निदान एक आकांक्षा आहे, आणि ती खोटी ठरली तर लाज वाटण्यास जागा राहते.

'अहो, मनोरंजनाकडून इतकी अपेक्षा कशाला?' हा प्रश्न मला ठाऊक आहे. माझ्या घरातही तो रोज विचारला जातो. त्यास उत्तर मॉर्सचे आहे. कॉलिन डेक्स्टरचा हा नायक प्रेत पाहून गळाठतो, मद्य अधिक पितो, शब्दकोडी सोडवितो, आणि वारंवार चुकीच्या माणसावर संशय घेतो. लुइस हा त्याचा साधासुधा सहकारी एखादी क्षुल्लक गोष्ट सांगतो आणि मग मॉर्सचे डोळे उघडतात. (ऑक्सफर्डात इतके प्राध्यापक मारले जातात आणि मारतात, हे पाहून मला आमच्या महाविद्यालयातील वैमनस्यांचे फारसे वाटेनासे झाले आहे; ती सुदैवाने समितीच्या इतिवृत्तापलीकडे जात नाहीत.) ज्या पोलीस-अधिकाऱ्याची चूक होऊ शकते, आणि ती चूक कबूल करावयास जो कथेत जागा ठेवतो, तो लाखो प्रेक्षकांस प्रिय झाला, यासाठी ना चीजचे चाक लागले, ना प्रेताचे विच्छेदन. म्हणजे प्रेक्षक अधिक मागावयास तयार आहे. देणारे कमी देतात, आणि आम्ही त्यालाच सोज्वळ म्हणून गौरवितो.

'ग्रँटचेस्टर'च्या २०१६ साली दाखविलेल्या दुसऱ्या मालिकेत गॅरी बेल नावाच्या एका कोवळ्या तरुणास खुनाबद्दल फाशीची शिक्षा होते. मालिका या वेळी दोराच्या अलीकडे थांबत नाही. पाद्री सिडनी चेंबर्स आणि इन्स्पेक्टर कीटिंग हे जिवलग मित्र या शिक्षेवरून एकमेकांपासून दुरावतात, आणि ठरलेल्या दिवशी तो मुलगा खरोखरच फासावर जातो. गाव तेच आहे, चर्च तेच, आणि पडद्यावर रक्ताचा एक थेंबही नाही. आजोबांनी आणि नातीने तो भाग जेवणाची ताटे बाजूला ठेवून एकत्र पाहावा, आणि मग नातीने काही विचारले तर आजोबांनी उत्तर द्यावे.